उंदीर शिकला, म्हणजे काय सिद्ध झालं?

२०१६ साली ‘रोश’ या स्विस औषध कंपनीनं डाउन सिंड्रोमवरची आपली एक मोठी चाचणी निष्फळ ठरल्याचं जाहीर केलं. औषधाचं नाव होतं बास्मिसानिल. १२ ते ३० वयाच्या सुमारे १७० जणांना सहा महिने गोळ्या दिल्या गेल्या. काहींना खऱ्या, तर काहींना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या. स्मरणशक्ती, भाषा, रोजचे व्यवहार हे सगळं तपासलं गेलं आणि दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक आढळला नाही. चाचणीत सामील झालेल्या कुटुंबांनी सहा महिने वाट पाहिली होती. जगभरातली इतर कितीतरी कुटुंबं जवळजवळ दहा वर्षं आशेवर होती, कारण याच तऱ्हेच्या औषधांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांची शिकण्यातली अडचण दूर केल्याचं त्यांनी वाचलं होतं.

मग उंदरांनी आपली फसवणूक केली का? अशा अपयशानंतर हा निष्कर्ष हमखास निघतो आणि त्याच्या मागोमाग प्राण्यांवरचे प्रयोग बंद करा, ही मागणीही येते. मला हा निष्कर्ष पटत नाही. उंदरांना आपण एक अरुंद प्रश्न विचारला होता आणि त्याचं त्यांनी दिलेलं अरुंद उत्तर आपण फार मोठं करून वाचलं. माझं म्हणणं असं आहे की, हे प्रयोग चालू राहिले पाहिजेत, पण त्यांच्याकडून अपेक्षा वेगळी ठेवली पाहिजे. उंदरांवर एखादं औषध निरुपयोगी किंवा घातक ठरलं तर तो इशारा गंभीरपणे घ्यावा. ते उपयोगी ठरलं, तर मात्र खरी तपासणी तिथून सुरू व्हावी. गेल्या वीस वर्षांत नेमकं याच्या उलट घडत आलं आहे.

हे नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. इंग्लंडमधले डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६मध्ये डाउन सिंड्रोम या अवस्थेचं वर्णन केलं. तिचं कारण मात्र १९५९मध्ये पॅरिसमध्ये उलगडलं. मार्थ गोतिये, जेरोम लेजून आणि रेमों त्युर्पँ यांच्या कामातून दिसलं की, या मुलांच्या पेशींमध्ये ४६ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात. २१व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. म्हणजे इथे कुठलं जनुक बिघडलेलं नसतं की हरवलेलं नसतं. दोनशेहून अधिक जनुकं निरोगीच असतात, फक्त त्यांची मात्रा दीडपट होते. एखादा घटक कमी पडत असेल तर तो बाहेरून देता येतो. इतक्या जनुकांच्या किंचित जादा कामाला आवर कसा घालायचा, हा फार अवघड प्रश्न आहे, आणि म्हणूनच कित्येक दशकं संशोधकांनी त्याला फारसा हात घातला नाही.

उंदीर इथे उपयोगी पडला. माणसाच्या २१व्या गुणसूत्रावरची जनुकं उंदरातही आहेत, पण ती एका ठिकाणी नाहीत. त्यांचा मोठा भाग १६व्या गुणसूत्रावर आहे आणि उरलेली १७व्या आणि १०व्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत. ज्या उंदरांत अख्ख्या १६व्या गुणसूत्राच्या तीन प्रती असतात, ते गर्भातच मरतात. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन लॅबोरेटरीत म्युरिएल डेव्हिसन यांनी १९९०च्या सुमारास यातून वाट काढली. त्यांनी तयार केलेल्या जातीत १६व्या गुणसूत्राचा फक्त शेवटचा तुकडा तिसऱ्यांदा येतो, आणि हे उंदीर जन्मतात, वाढतात, जगतात. या जातीचं नाव टीएस६५डीएन. १९९५मध्ये रॉजर रीव्हज आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हे उंदीर शिकण्यात मागे पडतात. पाण्याच्या हौदात बुडालेला चौथरा कुठे आहे हे साधा उंदीर काही खेपांत लक्षात ठेवतो, यांना ते जमत नाही. शिकण्यातली अडचण प्रथमच प्रयोगशाळेत मोजता आली, आणि जे मोजता येतं त्यावर औषध करून पाहता येतं.

२००७मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले फॅबियन फर्नांडेझ, क्रेग गार्नर आणि सहकारी यांचा शोधनिबंध आला. शिकताना मेंदूतल्या चेतापेशींमधले दुवे बळकट व्हावे लागतात. टीएस६५डीएन उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या भागात, हे दुवे पुरेसे बळकट होत नव्हते, कारण चेतापेशींना शांत ठेवणारा ‘गाबा’ या रसायनाचा संदेश तिथे गरजेपेक्षा जास्त प्रभावी ठरत होता, असं मानलं जात होतं. गार्नर यांच्या गटानं हा संदेश थोडा दाबणारी औषधं अगदी कमी मात्रेत साधारण दोन आठवडे दिली. ते उंदीर आधी पाहिलेली वस्तू आणि नवी वस्तू यांतला फरक ओळखू लागले, आणि औषध थांबवल्यावरही हा फायदा दोन महिन्यांपर्यंत टिकला. त्यातलं एक औषध होतं पेंटिलिनटेट्राझोल. १९३०च्या दशकात मनोरुग्णांना मुद्दाम झटके आणण्यासाठी हेच औषध मोठ्या मात्रेत वापरलं जात असे. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये आकडीचं प्रमाण मुळातच जास्त असतं. म्हणून अधिक सुरक्षित औषधाचा शोध सुरू झाला आणि तो शोध पुढे बास्मिसानिलपर्यंत पोचला.

दुसरा धागा आल्बर्टो कोस्टा यांचा. ब्राझीलमध्ये जन्मलेले, अमेरिकेत काम करणारे हे डॉक्टर मुलीच्या जन्मानंतर डाउन सिंड्रोमच्या संशोधनाकडे वळले. अल्झायमर्सवर दिलं जाणारं मेमँटिन हे औषध टीएस६५डीएन उंदरांची स्मृती सुधारतं, असं त्यांनी २००८मध्ये दाखवलं. २०१२मध्ये त्यांच्या गटानं ४० तरुणांवरची छोटी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात मुख्य कसोट्यांवर फरक पडला नाही, पण शब्द लक्षात ठेवण्याच्या एका दुय्यम कसोटीवर पडला. तेवढ्या धाग्यावरून अमेरिका आणि ब्राझीलमध्ये १६० जणांची मोठी चाचणी उभी राहिली. तिचा निकाल २०२२मध्ये आला आणि मेमँटिनचा फायदा दिसला नाही. निकाल आपल्या आशेच्या विरुद्ध आला, तरी कोस्टा यांनी तो संपूर्ण प्रसिद्ध केला. या क्षेत्रातल्या प्रामाणिकपणाचं ते एक ठळक उदाहरण आहे.

या दोन धाग्यांच्या आजूबाजूला डझनाहून अधिक औषधांनी याच उंदरांची स्मृती सुधारल्याचे निबंध निघाले. त्यांत लिथियम आहे, नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन आहे, लघवी वाढवणारं ब्युमेटनाइड आहे, हिरव्या चहातलं ईजीसीजी आहे. एकाच जातीचा उंदीर एकमेकांशी काही संबंध नसलेल्या इतक्या औषधांनी बरा होत असेल, तर कसोटीच सैल तर नाही ना, असा प्रश्न पडायला हवा होता. तो वेळीच पुरेशा जोरानं विचारला गेला नाही.

कसोटी कुठे सैल आहे, ते आता बरंच कळलं आहे. पहिली गोष्ट या उंदराच्या बांधणीची. त्याच्या जादा तुकड्यात माणसाच्या २१व्या गुणसूत्राशी जुळणारी साधारण निम्मीच जनुकं आहेत. शिवाय त्या तुकड्यासोबत १७व्या गुणसूत्रावरची अशी काही डझन जनुकंही आली आहेत, ज्यांचा डाउन सिंड्रोमशी संबंध नाही. हे २०११मध्ये स्पष्ट झालं, तोवर या उंदरांवर शेकडो निबंध लिहून झाले होते. उंदरातला एखादा दोष त्या परक्या जनुकांमुळे असेल आणि औषधानं नेमका तोच दोष दूर केला असेल, तर त्या यशाचा माणसाला काय उपयोग?

दुसरी गोष्ट पैदाशीची. या जातीच्या मूळ पैदाशीत डोळ्याचा पडदा नासवणारं एक जनुक फिरत होतं. ते दोन्ही बाजूंनी मिळालं की उंदीर आंधळा होतो. हौदातला चौथरा उंदीर शोधतो तो भोवतालच्या खुणा पाहून. आंधळे उंदीर आधी वेगळे काढले नाहीत, तर दृष्टीच्या अभावाला आपण विस्मृती म्हणून बसतो. पुढे हे जनुक नसलेली पैदास काढावी लागली. या जातीचे नर बहुतेक वंध्य असतात, म्हणून माद्या पैदाशीसाठी राखल्या जातात आणि प्रयोग मुख्यतः नरांवर होतात. म्हणजे औषध मुलग्यांइतकंच मुलींनाही द्यायचं, पण त्याची तपासणी मात्र मुख्यतः नरांवर. शिवाय पिढ्यानुपिढ्या या उंदरांचे गुण बदलत गेल्याचंही अलीकडे नोंदवलं गेलं आहे. तेव्हा १९९५चा टीएस६५डीएन आणि पंचवीस वर्षांनंतरचा टीएस६५डीएन हे एकच मानता येत नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यांत अस्वस्थ करणारी. गाबाचा शांत करणारा संदेश या उंदरांत फार प्रभावी असतो, हा सिद्धान्त बास्मिसानिलच्या मुळाशी होता. २०१५मध्ये इटलीतल्या जेनोव्हा इथल्या गटानं दाखवलं की, याच उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये गाबा पेशींना शांत करण्याऐवजी उत्तेजित करतो. ब्युमेटनाइडनं हा उलटा परिणाम सुलटा केल्यावर उंदरांची स्मृती सुधारली. निष्कर्ष जवळजवळ विरोधी, उंदीर तोच, आणि सुधारणा दोन्हीकडे. दोन्ही प्रयोग आपापल्या जागी काटेकोर असतील. पण मूळ बिघाड काय हेच ठरलेलं नसताना त्याच्यावरची गोळी माणसांना देणं ही घाई होती, असं मला स्पष्टपणे म्हणावंसं वाटतं.

चौथी गोष्ट वयाची, आणि माझ्या मते हीच निर्णायक आहे. डाउन सिंड्रोममध्ये मेंदूची वेगळी घडण गर्भातच सुरू होते. इटलीतल्या बोलोन्या इथे रेनाता बार्तेसागी यांच्या गटानं नवजात पिल्लांना फ्लुओक्सेटिन दिलं, तेव्हा नव्या चेतापेशी बनण्याचं प्रमाण पूर्ववत झालं आणि स्मृतीही सुधारली. दुसऱ्या एका गटानं हेच औषध प्रौढ उंदरांना दिलं, तेव्हा फायदा झाला नाही, उलट त्रास दिसला. औषध तेच, जात तीच, फक्त वय बदललं. आणि उंदराचं नवजात पिल्लू मेंदूच्या वाढीच्या दृष्टीनं माणसाच्या गर्भाच्या शेवटच्या महिन्यांच्या जवळ असतं. म्हणजे पिल्लांवरच्या यशाचा माणसांतला खरा अर्थ गरोदर स्त्रीला औषध देणं, असा होतो. तिथे एका न जन्मलेल्या जिवाच्या आणि त्याच्या आईच्या अशा दोघांच्याही सुरक्षेचा प्रश्न येतो. ‘जन्मल्यावर लगेच एक डोस’ इतका सोपा हा मार्ग नाही.

आणि पाचवी गोष्ट, शिकणं म्हणजे काय? उंदीर नवी वस्तू जास्त वेळ हुंगतो, याला आपण स्मृती म्हणतो. माणसाच्या शिकण्यात भाषा असते, नक्कल असते, लाज असते, कौतुकाची ओढ असते, शिकवणारा माणूस असतो. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची मोठी अडचण बोलण्यात आणि व्याकरणात असते, आणि या अडचणीची नक्कल करणारा उंदीर असूच शकत नाही. माणसांच्या चाचण्यांतही मापनाचा प्रश्न सुटलेला नाही. नेहमीच्या बुद्धिमापन कसोट्यांवर यांच्यातल्या अनेकांचे गुण इतके तळाला जातात की, थोडी सुधारणा झाली तरी आकड्यात ती उमटत नाही.

इतकं सगळं मांडल्यावर वाचक विचारतील, मग हे प्रयोग हवेत कशाला? याचं उत्तर इतिहासात आहे. उंदीर हाताशी नव्हता तेव्हाही मुलांना औषधं दिली जातच होती. १९६०च्या दशकात ५-हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन हे रसायन बाळांना दिलं गेलं, स्नायूंची ताकद सुधारते असं वाटलं, आणि पुढे त्यातल्या काही बाळांना आकडीचा गंभीर प्रकार झाला. १९८१मध्ये अमेरिकेत जीवनसत्त्वांच्या मोठ्या डोसांनी बुद्ध्यांक वाढल्याचा एक निबंध आला, पालक बाटल्यांच्या मागे लागले, आणि इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा काहीच आढळलं नाही. प्राण्यांवरचा प्रयोग टाळला म्हणजे प्रयोग टळत नाही. मग प्रयोग मुलांवरच होतो, फक्त त्याला तसं म्हटलं जात नाही.

आपल्याकडे तर हे आजही चालू आहे. पायरासिटामचं सिरप भारतात सहज मिळतं आणि वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना ते लिहूनही दिलं जातं. बुद्धीचं टॉनिक म्हणून घराघरांत त्याच्याकडे पाहिलं जातं. या औषधाची डाउन सिंड्रोमपुरती तपासणी २००१मध्येच झाली आहे. कॅनडातल्या टोरंटोमध्ये मुलांवर काटेकोर चाचणी झाली, तेव्हा आकलनात सुधारणा दिसली नाही. उलट सात मुलांमध्ये आक्रमकपणा, चिडचिड, झोप कमी होणं असे त्रास नोंदवले गेले. पुढच्याच वर्षी टीएस६५डीएन उंदरांवरही त्याचा फायदा न झाल्याचं प्रसिद्ध झालं. इथे उंदीर आणि मूल यांचं उत्तर एकच होतं: नाही. हे ‘नाही’ महाराष्ट्रातल्या किती पालकांपर्यंत पोचलं? उंदरांवरच्या यशाची बातमी चार दिवसांत जगभर पोचते, अपयशाची मात्र वीस वर्षांतही गल्लीतल्या औषधाच्या दुकानापर्यंत येत नाही. मला या सगळ्यातला सर्वांत मोठा अन्याय हाच वाटतो.

हिरव्या चहाची गोष्टही अशीच. बार्सिलोनात मारा दियेर्सेन आणि राफाएल दे ला तोरे यांनी ८०हून अधिक तरुणांवर वर्षभर घेतलेल्या चाचणीचा निकाल २०१६मध्ये आला. बौद्धिक सरावाच्या जोडीला ईजीसीजी घेतल्यावर काही मोजक्या कसोट्यांवर मर्यादित सुधारणा दिसली. संशोधकांनी निकाल मांडताना पुरेशी काळजी घेतली होती. पण पालकांच्या गटांत पोचला तो फक्त ‘हिरवा चहा’. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेतल्या एका गटानं टीएस६५डीएन उंदरांना ईजीसीजी दिलं, तेव्हा वर्तनात सुधारणा झाली नाही आणि हाडांना अपाय झाला. प्रौढाला दिलेला मोजका, देखरेखीखालचा डोस आणि घरी मुलाला अंदाजे दिलेली कॅप्सूल यांत किती अंतर आहे, हे अशा प्रयोगानं कळतं. उंदराचा खरा उपयोग हा.

आता एका वेगळ्या आक्षेपाला सामोरं जायला हवं, कारण तो मनापासून घेतला जातो. डाउन सिंड्रोम हा आजार नाही, तो त्या माणसाचाच भाग आहे, मग त्याला ‘बरं’ करायचंच कशाला, असं अनेक पालक म्हणतात. कॅनडातल्या एका पाहणीत, शक्य झालं तर मुलाचा डाउन सिंड्रोम पूर्ण घालवाल का, या प्रश्नाला ४१ टक्के पालकांनी नाही म्हटलं, २७ टक्क्यांनी हो म्हटलं आणि बाकीच्यांना ठरवता आलं नाही. मी या ‘नाही’चा आदर करतो. आपल्या मुलाचा स्वभाव, त्याचं हसणं, त्याची माया यांतलं काय त्या जादा गुणसूत्राशी बांधलेलं आहे आणि काय नाही, हे कोण सांगणार? पण बौद्धिक अक्षमता कमी करण्याची इच्छा म्हणजे माणूस पुसून टाकण्याची इच्छा नव्हे. बसचं तिकीट काढता यावं, सुटे पैसे मोजता यावेत, आपल्याला काय दुखतं हे डॉक्टरांना स्वतः सांगता यावं, ही स्वप्नं त्या तरुणांचीच आहेत. औषधाचं यश याच गोष्टींवर मोजलं पाहिजे, आणि काय मोजायचं हे ठरवताना ही मंडळी स्वतः त्या टेबलाशी बसलेली असली पाहिजेत.

या प्रश्नाला आणखी एक निकड आहे. अमेरिकेत १९८३मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य साधारण २५ वर्षं होतं, आज ते साठीच्या घरात गेलं आहे. हे बुद्धीच्या गोळीनं झालं नाही. जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो, त्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, संस्थांमध्ये टाकून देणं थांबलं, मुलं घरी वाढली. पण वाढलेल्या आयुष्याबरोबर अल्झायमर्स आला. त्या आजाराशी जोडलेलं एपीपी हे जनुक २१व्या गुणसूत्रावरच असतं, आणि चाळिशीपर्यंत यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमर्सच्या खुणा दिसतात. उशिरा का होईना मिळालेलं शिकणं असं हातातून निसटू द्यायचं नसेल, तर संशोधन हवंच, आणि त्यासाठी प्राणीही लागतील.

म्हणून मागणी काटेकोरपणाची असावी. कुठल्याही औषधाची माणसांवर चाचणी सुरू करण्याआधी ते एकाहून अधिक जातींच्या उंदरांवर तपासलेलं असावं. आज पर्याय आहेत. युजीन यू यांनी २००७मध्ये तयार केलेल्या उंदरांत १६व्या गुणसूत्रावरचा नेमका जुळणारा पट्टाच दुप्पट केला आहे, परकी जनुकं नाहीत. २०२०मध्ये जपानी आणि अमेरिकी संशोधकांनी माणसाचं जवळजवळ अख्खं २१वं गुणसूत्र बाळगणारा उंदीर दाखवला. नर आणि मादी दोन्ही तपासावेत. एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीनं स्वतंत्रपणे पडताळावा. औषध कोणत्या वयात दिलं आणि माणसाचं जुळणारं वय कोणतं, हे पहिल्याच पानावर लिहावं. आणि अपयश प्रसिद्ध करणं बंधनकारक असावं. या अटींनी संशोधन हळू होईल, महाग होईल. पण त्यातून गाळून निघालेलं औषध मुलांपर्यंत पोचेल तेव्हा त्याच्यामागे खरा आधार असेल.

तोवर हातात काय आहे, हेही सांगायला हवं, नाहीतर हा लेख पालकांना रिकाम्या हातानं परत पाठवेल. थायरॉइडची नियमित तपासणी, कान आणि डोळे तपासणं, झोपेतला श्वासाचा अडथळा शोधणं, हृदयाचं वेळेवर निदान, पहिल्या महिन्यांपासून फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपी, आणि इतर मुलांबरोबरची शाळा. कमी ऐकू येणारं किंवा रात्रभर नीट न झोपणारं कुठलंही मूल शिकण्यात मागे पडेल, आणि हे अडथळे आजच दूर करता येतात. २०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डाउन सिंड्रोमचा समावेश आहे आणि त्याखालची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं नेमक्या याच कामासाठी आहेत. ती प्रत्येक जिल्ह्यात पूर्ण मनुष्यबळानं चालवून घेणं ही कुठल्याही नव्या रेणूपेक्षा जवळची, आपल्या आवाक्यातली मागणी आहे.

आणि पुढच्या वेळी ‘डाउन सिंड्रोमवर औषध सापडलं’ अशी बातमी येईल, तेव्हा पालकांनी, डॉक्टरांनी आणि ती छापणाऱ्या संपादकांनी चार प्रश्न विचारावेत. उंदीर कोणत्या जातीचा? वय काय? दुसऱ्या प्रयोगशाळेनं पडताळलं का? आणि माणसांवर काय दिसलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘अजून पाहिलेलं नाही’ असं असेल, तर ती बातमी संशोधनाची आहे, उपचाराची नाही, हे ठळक अक्षरांत लिहावं. आपल्या मुलाला थोडं अधिक शिकता यावं, या इच्छेइतकी निर्मळ इच्छा दुसरी नाही. तिच्यावर अर्धवट पुराव्याचा भार टाकण्याचा हक्क शास्त्रज्ञांना नाही, कंपन्यांना नाही आणि बातमीदारांनाही नाही.